जेएएलने एअरबस घेतलं, एएनएने बोइंग. गिऱ्हाईक एकच, मग निवड वेगळी का?

गगनविहारी (धागाकर्ता) :

नमस्कार मंडळी. बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय, तो इथे टाकतो.

जपानच्या दोन मोठ्या विमान कंपन्या घ्या. जपान एअरलाइन्स (पुढे जेएएल) आणि ऑल निप्पॉन एअरवेज (एएनए). दोघींचा मुक्काम टोकियोच्या हानेदा आणि नारिता या त्याच दोन विमानतळांवर. दोघी न्यूयॉर्कला जातात, लंडनला जातात. प्रवासी त्याच वर्गातले, भाड्यांत उन्नीस-बीस. दोघींच्या लांब पल्ल्याच्या ताफ्यात वर्षानुवर्षं बोइंगच. जानेवारी २०१३ मध्ये बोइंग ७८७ च्या बॅटरीतून धूर-आग निघण्याचं प्रकरण झालं, त्यात एक घटना बॉस्टनला जेएएलच्या विमानात घडली आणि दुसरीत एएनएचं विमान ताकामात्सुला तातडीने उतरवावं लागलं. म्हणजे चटकासुद्धा दोघींना सारखाच बसला.

त्यानंतर ऑक्टोबर २०१३ मध्ये जेएएलने एअरबसची ३१ ए३५० मागवली (१८ ए३५०-९०० आणि १३ ए३५०-१०००). पाच-सहा महिन्यांत, मार्च २०१४ मध्ये, एएनएने बोइंगची २० ७७७-९ मागवली. दोघींना बदलायची होती ती जुनी ७७७ च.

एक विमान खरंच सरस असतं, तर दोघींच्या हुशार माणसांनी तेच निवडलं असतं ना? की ही निवड विमान बघून होतच नाही? आतल्या गोटातल्यांनी प्रकाश टाकावा.

खिडकीवाली :

सोप्पंय. ज्याचा विक्रेता गोड बोलतो त्याचं विमान. 😄

पूर्णविराम :

बारीकशी दुरुस्ती. जेएएलकडे एअरबस आधीही होती. २००२ मध्ये जपान एअर सिस्टिम तिच्यात विलीन झाली, तिच्याबरोबर ए३०० आली. स्वतः होऊन एअरबसला दिलेली जेट विमानांची ही पहिली ऑर्डर, असं म्हणा. एएनए तर १९९१ पासून ए३२० उडवत होती. त्यामुळे 'एअरबस कशाशी खातात माहीत नव्हतं' असं नाही.

गगनविहारी :

@पूर्णविराम, मान्य. 'लांब पल्ल्याच्या ताफ्यात' असं लिहून वाचलो.

शंकासुर :

यात एवढं खोल काय आहे? इंधन. विमान कंपनीच्या खर्चात सगळ्यात मोठा किंवा दुसऱ्या नंबरचा आकडा इंधनाचा असतो. जे कमी पितं ते घ्यायचं. ७८७ आणि ए३५० दोन्ही आधीच्या पिढीपेक्षा २०-२५ टक्के कमी पितात असं त्यांच्याच कंपन्या सांगतात. बाकी सगळं सजावट.

हिशेबनीस :

शंकासुर, तुमच्याच वाक्यात तुमचं उत्तर आहे. दोघंही २०-२५ टक्के म्हणतात. मग निवडणार कशावरून?

मी बरीच वर्षं विमानांच्या भाडेकरारांच्या बाजूला काम केलंय (विमान कंपनीत नाही, पैसे पुरवणाऱ्यांकडे), त्या खिडकीतून दिसलेलं सांगतो.

पहिली गोष्ट, छापील किंमत विसरा. जेएएलच्या त्या ऑर्डरची छापील किंमत सुमारे ९५० अब्ज येन अशी बातमी होती. तेवढे कुणी मोजत नाही. एअरबसच्या २०१८ च्या दरपत्रकात ए३५०-९०० पुढे ३१ कोटी ७४ लाख डॉलर लिहिलं होतं, आणि त्यानंतर कंपनीने दरपत्रक काढणंच बंद केलं. मोठ्या ऑर्डरला निम्म्याच्या आसपास सूट मिळते हे या धंद्यात सगळे धरूनच चालतात. खरा आकडा करारात असतो आणि करार कपाटात.

दुसरी गोष्ट, सूट म्हणजे नुसते कमी केलेले पैसे नव्हेत. वैमानिकांचं प्रशिक्षण फुकट, सुट्या भागांचा पहिला साठा उधारीवर, जुनी विमानं परत घेण्याची हमी, डिलिव्हरीला उशीर झाला तर दर महिन्याला इतके पैसे, ठरल्यापेक्षा इंधन जास्त प्यायलं तर फरक भरून देणं. एकाची किंमत कमी दिसते आणि दुसऱ्याच्या हमीपत्रात जीव असतो. हे सगळं वीस वर्षांवर पसरून, आजच्या पैशात आणून, खाली एक आकडा काढतात. मी अशा तक्त्यांवर बसलोय. एका तक्त्यात इंधनाचा दर थोडा वाढवला की ए जिंकायचं आणि वीस वर्षांनंतरची विक्रीची किंमत थोडी वाढवली की बी. वरिष्ठांना जे हवं असेल ते तक्ता मुकाट्याने दाखवायचा. 😐

तिसरी गोष्ट जेएएलला लागू पडते. जो गिऱ्हाईक वर्षानुवर्षं एकाच दुकानात जातो त्याला दुकानदार हसून नमस्कार करतो, सूट मात्र नव्या गिऱ्हाइकाला देतो. जपानमध्ये लांब पल्ल्याच्या विमानांत एअरबसचं खातं जवळजवळ कोरं होतं. तिथे शिरायला ती काय वाटेल ते द्यायला तयार असणार. माझा अंदाज, जेएएलला चांगलाच सौदा मिळाला असेल. आणि त्यानंतर बोइंगला पुढच्या प्रत्येक बैठकीत घाम फुटला असेल, तो फायदा वेगळाच.

खिडकीवाली :

म्हणजे मी म्हणाले तेच, फक्त तक्त्यासकट.

नटबोल्ट :

सगळे विमान विमान करताय. अहो, विमान म्हणजे इंजिनाला बांधलेली नळी. निवड इंजिनाची करायची असते.

ए३५० घेतलं तर रोल्स-रॉइसचं ट्रेंट एक्सडब्ल्यूबी घ्यावंच लागतं, दुसरा पर्याय नाही. ७७७-९ ला जनरल इलेक्ट्रिकचं (जीई) जीई९एक्स, तिथेही पर्याय नाही. ७८७ ला मात्र दोन होते, जीईचं जीईएनएक्स आणि रोल्सचं ट्रेंट १०००. आता गंमत बघा. ७८७ साठी जेएएलने जीई घेतलं आणि एएनएने रोल्स. विमान एकच, घर एकच, आणि पुढे नशीब वेगळं. ट्रेंट १००० च्या टर्बाइनची पाती गंजून तडकायला लागली, एएनएला २०१६ मध्ये उड्डाणं रद्द करावी लागली, २०१८ मध्ये परत. जगभर ट्रेंटवाली ७८७ इंजिनाविना उभी राहिली. एअर न्यूझीलंडकडे ट्रेंटवाली होती, त्यांनी २०१९ मध्ये पुढची ७८७-१० घेताना जीई घेतलं. एएनएनेही २०२० च्या ऑर्डरला जीई.

मी हे काम हाताने केलंय. कुठे आणि कुठलं इंजिन ते सांगत नाही. बोरोस्कोप म्हणजे बोटाएवढी जाड नळी, टोकाला कॅमेरा. इंजिनाच्या अंगावरच्या एका छोट्या भोकातून ती आत घालायची. दुसरा माणूस आतला रोटर हळूहळू फिरवतो आणि पडद्यावर एकेक पातं समोरून सरकतं. पहिल्या पात्याला खूण ठरवायची आणि मोजत जायचं. मध्येच कुणी बोललं की मोजणी चुकते, पुन्हा पहिल्यापासून. पहाटे तीनला एका पात्याच्या मुळाशी केसासारखी रेघ दिसली. माझ्या जोडीदाराने चष्मा पुसला, परत बघितलं, मग कॅमेऱ्याची काच पुसून परत बघितलं. रेघच होती. सकाळी साडेसातचं उड्डाण. जादा इंजिन दुसऱ्या खंडात. ते विमान नऊ दिवस हलेना, आणि त्या नऊ दिवसांचे पैसे कुणी भरायचे यावर त्यानंतर कित्येक महिने पत्रापत्री.

म्हणून मी कुठल्याही तक्त्यात आधी बघेन, जादा इंजिनं किती आणि कुठे ठेवणार.

मार्गस्थ :

नटबोल्ट यांचा प्रतिसाद वाचून काटा आला.

एक भर घालतो. जीईसुद्धा धुतल्या तांदळासारखं नव्हतं. २०१३ च्या शेवटी वादळी ढगांच्या आसपास बर्फाच्या स्फटिकांमुळे जीईएनएक्सचा जोर कमी होण्याच्या घटना घडल्या आणि जेएएलने काही मार्गांवरून ७८७ काढून घेतली होती. म्हणजे ए३५० ची ऑर्डर दिली त्याच सुमाराला.

शंकासुर :

मग इंजिन कंपन्या तासावर पैसे घेतात ते कशाला? रोल्सचं टोटलकेअर म्हणतात ते. जितके तास इंजिन चाललं तितके पैसे, दुरुस्ती त्यांची. मग पातं तडकलं तर विमान कंपनीचं काय जातं?

नटबोल्ट :

दुरुस्ती त्यांची, प्रवासी तुमचे.

पूर्णविराम :

☝️ या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. धागा इथे बंद करायला हरकत नाही.

वैमानिका :

बंद करू नका, माझं राहिलंय.

वैमानिकांचा खर्च कुणी काढलाच नाही. एका प्रकारच्या विमानाचं लायसन्स असलं म्हणून दुसरं उडवता येत नाही. नवीन प्रकार म्हणजे वर्गातले तास, सिम्युलेटर, परीक्षा, मग अनुभवी कॅप्टनच्या शेजारी बसून उड्डाणं. हे सगळं होईपर्यंत तो वैमानिक पगार घेतो आणि कंपनीला एक प्रवासीही नेऊन देत नाही. मोठ्या ताफ्यात शेकडो वैमानिकांना गुणा.

इथे दोन्ही कारखान्यांनी आपापली जाळी विणून ठेवलीत. ए३३० आणि ए३५० चं रेटिंग (त्या प्रकारचं विमान उडवण्याची परवानगी) सामाईक धरतात, फरकापुरतं प्रशिक्षण घेतलं की झालं. बोइंगचं ७७७ आणि ७८७ चं तसंच. ए३२० वरून ए३३० वर येणंही तुलनेने सोपं, कारण कॉकपिटची मांडणी आणि संगणकाचे नियम एकाच घराण्यातले. म्हणून ज्यांचा छोट्या विमानांचा ताफा सगळा ए३२० चा आहे त्यांनी मोठी विमानं घ्यायची ठरवली की ए३५० किंवा ए३३० कडे पाय आपोआप वळतात. इंडिगोने २०२४ मध्ये ३० ए३५०-९०० मागवली तेव्हा मला काडीचं आश्चर्य वाटलं नाही.

जेएएलच्या बाबतीत मात्र हे उलटं होतं. त्यांचे सगळे वैमानिक बोइंगवाले. म्हणजे हा खर्च अंगावर घेऊनही त्यांनी एअरबस घेतलं. तेव्हाचे अध्यक्ष उएकी स्वतः वैमानिक होते, त्यामुळे त्यांना याची कल्पना नव्हती असं कुणी म्हणू शकणार नाही.

मी स्वतः बोइंगवरून एअरबसवर आले तेव्हा पहिले काही दिवस उजवा हात पोटासमोर काहीतरी शोधायचा. तिथे जू असायचं ना, स्टिअरिंगसारखं. एअरबसमध्ये कडेला छोटी काठी, समोर मोकळी जागा, आणि तिथून ओढून काढायचं छोटं टेबल. चार्ट ठेवा, वही ठेवा. माझ्या शेजारचा कॅप्टन म्हणाला, 'बाई, हे टेबल एकदा वापरलंत की परत जाणार नाही.' खरं होतं.

खिडकीवाली :

थांबा थांबा. म्हणजे अब्जावधी डॉलरची ऑर्डर एका घडीच्या टेबलावर ठरू शकते?

वैमानिका :

वैमानिकांना विचारलं तर हो. म्हणूनच विचारत नाहीत. 😄

लेकुरवाळी :

आणि प्रवाशांना कुणी विचारतं का? दोन लेकरं घेऊन १३ तास ७८७ च्या नऊच्या रांगेत मधल्या सीटवर बसून आलेय. कोपर कुठे ठेवायचं हा प्रश्न आला तेव्हा कळलं की कोपर घरी ठेवून यायला हवं होतं.

मार्गस्थ :

@लेकुरवाळी, तुमच्या कोपराचं गणित असं. ७८७ आतून साधारण ५.४९ मीटर रुंद, ए३५० ५.६१ आणि जुनं ७७७ ५.८७. ७८७ ची पहिली चित्रं आडव्या आठ सीट धरून दाखवली जायची. जवळजवळ सगळ्यांनी नऊ बसवल्या. अपवाद कोण, तर जेएएल! त्यांच्या आंतरराष्ट्रीय ७८७ मध्ये इकॉनॉमीत दोन-चार-दोन. एएनएने तीन-तीन-तीन. ए३५० मध्ये नऊ बसवल्या तरी प्रत्येकी १८ इंचांच्या आसपास मिळतात, ७८७ च्या नऊमध्ये १७ च्या वर थोडंसं.

पण यावरून कंपनी विमान निवडते असं मला वाटत नाही. आधी विमान घेतात, मग सीट ठरवतात. नऊमधून आठ करणं म्हणजे नऊतलं एक तिकीट रोज फाडून टाकणं.

लेकुरवाळी :

एका इंचासाठी एवढी रुखरुख! पुढच्या वेळी जेएएल.

काडीबहाद्दर :

सगळे तांत्रिक गप्पा मारताय, खरं कारण कुणी बोलत नाही. राजकारण! ७८७ चा ३५ टक्क्यांच्या आसपास भाग जपानमध्ये बनतो, पंख मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीज बनवते, कावासाकी आणि सुबारू बाकीचं. अशा देशातल्या कंपनीने बोइंग सोडून एअरबस घ्यायचं म्हणजे घरातल्यांशी वैर. एएनएने ते टाळलं, एवढंच. आणि मे २०२५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष दोह्याला गेले तेव्हा कतार एअरवेजने १६० मोठी बोइंग मागवली (१३० ७८७ आणि ३० ७७७-९), ते इंधनाचा तक्ता बघून का? इतके बोलून मी खाली बसतो.

शंकासुर :

कतारकडे आधीच ७७७ आणि ७८७ ढिगाने आहेत. राष्ट्राध्यक्ष आले नसते तरी काहीतरी बोइंग घेतलंच असतं. सह्या त्या दिवशी झाल्या म्हणजे निर्णय त्या दिवशी झाला असं नाही. कार्यक्रमाला मुहूर्त लागतो.

काडीबहाद्दर :

आणि काही महिन्यांपूर्वी जे एअरबसचं चाललं होतं...

संपादक :

राष्ट्राध्यक्षांवरची चर्चा राजकारण विभागात न्यावी. इथे विमानापुरतं राहू या. पुढचे तीन प्रतिसाद हलवले आहेत.

पूर्णविराम :

राजकारण नको तर मग भाऊबंदकी चालेल का? एएनएने २०१६ मध्ये तीन ए३८० घेतली, ती एक मजेदार गोष्ट आहे.

स्कायमार्क नावाच्या छोट्या जपानी कंपनीने ए३८० मागवली होती. पैसे संपले, २०१४ मध्ये एअरबसने करार रद्द केला, २०१५ मध्ये स्कायमार्कने दिवाळखोरी जाहीर केली. एअरबस तिच्या मोठ्या धनकोंपैकी एक. ऑगस्ट २०१५ मध्ये धनकोंपुढे दोन योजना आल्या, एक एएनएच्या पाठिंब्याची, दुसरी डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीच्या. मतदानात एएनएची बाजू जिंकली. आणि जानेवारी २०१६ मध्ये एएनएने तीन ए३८० ची ऑर्डर जाहीर केली. दोन घटनांची गाठ कुणी कशी मारायची ते ज्याचं त्याने ठरवावं, तेव्हा बऱ्याच जणांनी मारली होती. आता ती तिन्ही विमानं समुद्री कासवांची चित्रं रंगवून होनोलुलूला जातात, आणि दिसतात छान.

हिशेबनीस :

हे उदाहरण मी नव्या पोरांना सांगायचो. तीन विमानांचा ताफा कुठल्याच तक्त्यात बसत नाही. तीन विमानांसाठी वेगळे वैमानिक, वेगळे सुटे भाग, वेगळं सिम्युलेटर. तरी घेतली.

उलटं उदाहरण एअर फ्रान्स आणि केएलएम या एकाच गटातल्या दोन कंपन्यांचं. २०१९ मध्ये त्यांनी चक्क आपसात अदलाबदल केली. एअर फ्रान्सच्या वाट्याची सहा ७८७ केएलएमला, केएलएमच्या वाट्याची सात ए३५० एअर फ्रान्सला. कुणाचं विमान चांगलं हा प्रश्नच नव्हता. प्रत्येक घरात एकच भांडण असावं एवढाच हेतू.

मार्गस्थ :

मी मार्गनियोजनाच्या बाजूचा. आमच्याकडे प्रश्न असा येतो : या शहरातून त्या शहरापर्यंत, हिवाळ्यात समोरून वारा असताना, इतके प्रवासी आणि इतका माल घेऊन कुठलं विमान जाईल? कागदावरचा पल्ला आणि भरलेल्या विमानाचा पल्ला यांत बराच फरक असतो. माल विसरू नका. ७७७-३००ईआर आणि ए३५०-१००० च्या पोटात एलडी३ जातीचे ४४ डबे बसतात, ७८७-९ आणि ए३५०-९०० मध्ये ३६. बऱ्याच मार्गांवर वरचे प्रवासी फक्त खर्च भागवतात आणि नफा पोटातला माल देतो.

कधीकधी एखादा मार्गच विमान ठरवतो. क्वांटासला सिडनीहून थेट लंडन आणि न्यूयॉर्क गाठायचं होतं. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी ए३५०-१००० पसंत केलं. त्यासाठी २० हजार लिटरची जादा टाकी आणि सीट फक्त २३८. समोर स्पर्धेत ७७७-८ होतं, पण ते नक्की कधी येणार हे बोइंगलाच सांगता येईना.

विमानतळाचाही प्रश्न असतो. ७७७-९ चे पंख ७१.७५ मीटर. नेहमीच्या मोठ्या विमानांच्या थांब्यावर ६५ मीटरच्या आतच जागा. म्हणून बोइंगने पंखांची टोकं घडी होणारी केली, जमिनीवर दुमडली की ६४.८५. उतरून वेग पुरेसा कमी झाला की पंखाची टोकं आपोआप वर उभी.

खिडकीवाली :

घडीचं टेबल एअरबसकडे, घडीचे पंख बोइंगकडे. सामना बरोबरीत.

गगनविहारी :

मंडळी, दंडवत. एवढं येईल असं वाटलं नव्हतं. पण मूळ प्रश्न अजून लटकलेलाच आहे. इंधन जवळजवळ सारखं, वैमानिकांचा खर्च जेएएलच्या विरुद्ध, घरगुती राजकारणही विरुद्ध. मग जेएएलने ए३५० घेतलंच का?

हिशेबनीस :

माझं उत्तर : तारीख. हे शेवटासाठी राखून ठेवलं होतं.

जेएएलला ए३५० साठी २०१९ ची तारीख मिळाली. एएनएला ७७७-९ साठी २०२१ च्या आसपासची. मोठी विमानं घेताना पहिला प्रश्न 'केवढ्याला' असा नसतोच, 'कधी' असा असतो. जुन्या विमानाची मोठी तपासणी अमुक वर्षी येणार, भाडेकरार तमुक वर्षी संपणार. त्याआधी नवं आलं नाही तर जुन्यावर पुन्हा पैसा ओतावा लागतो, आणि ते पैसे कुणी परत देत नाही.

रांगेतल्या जागेलाच किंमत असते. एअर इंडियाकडे २०२३ च्या शेवटी पहिलं ए३५० इतक्या लवकर कसं पोचलं? ती पहिली सहा विमानं मुळात रशियाच्या एरोफ्लोटसाठी बांधलेली होती, निर्बंधांमुळे तिकडे जाऊ शकली नाहीत. एकाची रांगेतली जागा सुटली, दुसऱ्याने पकडली.

आता २०१३ चा हिशेब आज करून बघा. जेएएलची ए३५०-९०० सप्टेंबर २०१९ मध्ये देशांतर्गत सुरू झाली, ए३५०-१००० जानेवारी २०२४ पासून न्यूयॉर्कला जातेय. एएनएला ७७७-९ अजून मिळालेलं नाही. जगातलं पहिलं ७७७-९ कुणाला तरी मिळण्याची तारीख २०२० ची होती, ती सरकत सरकत २०२७ वर गेली. मध्ये चाचणीच्या विमानांत इंजिन जोडणाऱ्या दांड्याला तडे सापडले ते वेगळंच. एएनएला जुनी ७७७ जपत बसावी लागली.

शंकासुर :

हिशेबनीस, इथे मी तुम्हाला पकडलं. हे सगळं आज बसून सांगायला ठीक आहे. २०१३ मध्ये काय दिसत होतं ते बघा.

ए३५० पहिल्यांदा उडालं १४ जून २०१३ ला. जेएएलने ऑर्डर दिली ऑक्टोबरमध्ये. म्हणजे चार महिने उडालेलं, एकही प्रवासी न नेलेलं विमान. पहिला प्रवासी बसायला जानेवारी २०१५ उजाडलं. ७७७एक्सची (७७७-९ ज्या मालिकेतलं, ती) तर औपचारिक घोषणाच नोव्हेंबर २०१३ मध्ये, दुबईत. दोघींनी कागदावरचीच विमानं घेतली.

इतिहास बघितला तर उशीर दोघांच्या घरचा. ७८७ तीन वर्षं उशिरा आलं, ए३८० उशिरा, ए३५० सुद्धा मूळ तारखेला आलं नाही. उलट जुनं ७७७ मात्र चोख निघालं होतं आणि एएनएला ते आतून-बाहेरून माहीत होतं. मी २०१४ मध्ये एएनएच्या खुर्चीत असतो तर मीही ७७७-९ च घेतलं असतं. बाजारात तुरी दोघींनीही बघितल्या, एकीच्या शेतात पाऊस पडला.

हिशेबनीस :

तुरीबद्दल मान्य. पण एक फरक होता, तो ऑर्डरच्या दिवशीही दिसत होता. जेएएलने ए३५० घेतलं म्हणून बोइंग सोडलं नाही. ७८७ ठेवली, पुढे आणखी मागवली. म्हणजे एक कारखाना अडकला तर दुसऱ्याकडून थोडं तरी येत राहणार. बॅटरीच्या प्रकरणात २०१३ मध्ये त्यांची सगळी ७८७ एकदम जमिनीवर बसली होती, तेव्हा काय वाटलं असेल? एएनएने मोठ्या विमानांची सगळी अंडी पुन्हा त्याच टोपलीत ठेवली.

वैमानिका :

जेएएल २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली होती हेही धरा. नवी माणसं, नवा हिशेब, जुन्या मैत्रीचं ओझं कमी. एएनएला तसा झटका बसलाच नव्हता. आजारातून उठलेला माणूस डॉक्टर बदलायला लवकर तयार होतो.

नटबोल्ट :

तरी इंजिन विसरताय. ए३५०-१००० च्या ट्रेंट एक्सडब्ल्यूबी-९७ वर दुबईच्या एमिरेट्सचे अध्यक्ष टिम क्लार्क २०२३ मध्ये उघड बोलले, की आमच्या हवेत ते पुरेसं टिकत नाही. म्हणून त्यांनी ए३५०-९०० घेतली, १००० नाही. त्यांच्याकडे धूळ आणि उष्णता. हानेदाला ती धूळ नाही. तेच इंजिन, एकाला चालतं, एकाला नाही. गगनविहारी, 'एक विमान सरस असतं तर' या तुमच्या मूळ प्रश्नातच खरी अडचण आहे. कुणासाठी सरस?

मार्गस्थ :

आणि ऑर्डर दिली म्हणजे विमान घेतलं असंही नाही. अमेरिकेच्या युनायटेडने २००९ मध्ये ए३५० मागवलं. प्रकार बदलला, संख्या बदलली, तारीख ढकलली, परत ढकलली. एवढ्या वर्षांत एकही आलेलं नाही. मधल्या काळात, २०२२ च्या डिसेंबरमध्ये, १०० ७८७ मागवून मोकळे झाले.

खिडकीवाली :

लग्न ठरवून पंधरा वर्षं मुलगी बघायलाच न जाणं. धन्य आहे.

गगनविहारी :

बराच उलगडा झाला. मी जेएएल हुशार आणि एएनए फसली असं मनात धरून आलो होतो, शंकासुर यांनी ते मोडलं. त्या दिवशी दोघींच्या हातात असलेल्या कागदांवरून दोन्ही निर्णय शहाणपणाचे होते असं आता वाटतंय. हिशेबनीस, दुसऱ्या टोपलीचा मुद्दा मात्र पटला.

लेकुरवाळी :

माझा व्यावहारिक प्रश्न राहिला. तिकीट काढताना कसं ओळखायचं कुठलं विमान आहे ते? परत कोपर घेऊनच निघणारेय.

पूर्णविराम :

वेळापत्रकात विमानाचा तीन अक्षरांचा संकेत असतो. ७८९ म्हणजे ७८७-९, ३५९ म्हणजे ए३५०-९००, ३५१ म्हणजे ए३५०-१०००. ७७डब्ल्यू म्हणजे ७७७-३००ईआर. विमानतळावर काचेतून बघत असाल तर कॉकपिटच्या खिडक्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी पट्टी दिसली की ए३५०. इंजिनाच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते दिसले आणि पंख लांब, वर वळलेले असले की ७८७.

लेकुरवाळी :

धन्यवाद! माझ्या तिकिटावर ७७डब्ल्यू आहे. बरं की वाईट?

मार्गस्थ :

सीटचा नकाशा उघडून एका रांगेतल्या सीट मोजा. नऊ असतील तर सुखाने जा. दहा असतील तर मधल्या चारातल्या आतल्या दोन टाळा.

लेकुरवाळी :

मोजल्या. दहा. 😭